आरती कुणी विकत घेतलेली नाही

मेसेज असा आहे: "मोठ्या म्युझिक कंपनीने 'सुखकर्ता दुःखहर्ता'चे हक्क विकत घेतले. घरी म्हटली तरी यूट्यूबवर क्लेम, मंडळात लावली तर दंड. क्लेम आला की लगेच 'सर्व हक्क माझे' म्हणून डिस्प्यूट टाका, नाहीतर गाणं 30 सेकंदांत कापा. जुनी गाणी तर कायमची त्यांच्या घशात." आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग पेठेतल्या मंडळांच्या, आणि काल आत्याकडून. तिने गौरींचा व्हिडिओ काढूनही टाकला.

आरती समर्थ रामदासांची, सतराव्या शतकातली. आपल्या कायद्यात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. इथे विकायला उरलंय काय? कंपनीचं असतं ते तिने केलेलं रेकॉर्डिंग: तो गायक, तो वाद्यमेळ. तुमचा आवाज आणि तुमच्या झांजा तुमच्याच.

खरा घातक आहे तो डिस्प्यूटचा सल्ला. क्लेम म्हणजे 'या व्हिडिओत आमचं गाणं आहे' हा कंपनीचा दावा, डिस्प्यूट म्हणजे त्यावर तुमची हरकत. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला मिळणारी यूट्यूबची ताकीद, नव्हे. क्लेममध्ये बहुतेकदा व्हिडिओ जागेवर राहतो, जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. पण खोटा डिस्प्यूट टाकलात तर कंपनी व्हिडिओ उतरवायला लावू शकते, आणि स्ट्राइक बसतो तो तिथे. 90 दिवसांत असे तीन, की चॅनेल जाऊ शकतं. तेव्हा आधी यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, क्लेमचा तपशील उघडा. कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत आक्षेप आहे ते तिथे दिसतं. तेवढाच तुकडा इयरफोन लावून ऐका. मागे मंडळाच्या स्पीकरवर रेकॉर्ड केलेली आरती वाजत असेल तर क्लेम बरोबर आहे. तो तुकडा छाटा किंवा म्यूट करा. नुसता घरच्यांचा आवाज आणि टाळ असतील तर बिनधास्त डिस्प्यूट करा, कारण म्हणून 'पब्लिक डोमेन' (हक्काची मुदत संपलेली रचना) निवडा, आणि रचना कुणाची, कधीची, गायलं कुणी, एवढं दोन ओळींत लिहा. कंपनीला उत्तराला 30 दिवस असतात. तोवर व्हिडिओ काढू नका.

मंडळाच्या दंडाचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(झेडए) वाचा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं किंवा रेकॉर्ड लावली तर तो हक्कभंग नाही. लग्नाची वरातही त्यात स्पष्ट लिहिली आहे. आरतीला पावती फाडायला कुणी येणार नाही. मात्र या कलमाची ढाल करून दहा दिवस ऑर्केस्ट्रा लावाल, तर तो विधी ठरेलच असं नाही. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढून ही सूट सैल करून पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्द केलं. ऑर्केस्ट्रासाठी परवान्याचं बघाच.

30 सेकंदांचा नियम कायद्यात कुठेही नाही. लोक व्हिडिओखाली 'कॉपीराइट मोडायचा हेतू नाही' अशी ओळ टाकतात, तिचंही तेच.

एक मान्य करावं लागतं, नाइलाजाने. कंपन्यांबद्दलचा राग फुकटचा नाही. क्लेम लावतं ते यूट्यूबचं यंत्र. ते नुसते सूर जुळवतं, ती चाल परंपरेची आहे की कुणाची, हे त्याला कळत नाही. आणि सिद्ध करायचं ओझं मात्र आत्यावर. गीतकार-संगीतकारांना एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घ्यायची रीतही खरीच. रॉयल्टीतला त्यांचा वाटा सोडून देता येणार नाही, ही दुरुस्ती यायला 2012 उजाडलं.

पण 'कायमची' हा शब्द चूक. चित्रपटाची आणि रेकॉर्डची मुदत प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. पुण्याच्या 'प्रभात'चा 'संत तुकाराम' 1936चा. चित्रपट म्हणून त्याची मुदत केव्हाच संपली. त्यातल्या गाण्याच्या शब्दांचा हिशेब मात्र वेगळा, तो कवीच्या मृत्यूपासून. आता तो कवी तुकोबा असं धरून चालू नका. 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांचं आहे, आणि तुमचे ग्रुप ते दर आषाढीला तुकोबांच्या नावावर फिरवतात.