पोरीचं नाव लग्नानंतर कशाला?

डोकं सटकतंय आता. बीडच्या केज तालुक्यात आम्ही मित्रमैत्रिणी नवीन मतदारांचे अर्ज भरून घेतोय आणि जिथं जावं तिथं तेच: "पोराचं टाका नाव. पोरीचं राहू द्या, ती लग्न होऊन जाणारच हाय."

अहो दादा, पोरगी 18 ची झालीय! मताचा हक्क तिला राज्यघटनेनं दिलाय, नवऱ्यानं नाही. उद्या लग्न झालं तर पत्ता बदलायचा अर्ज, नमुना 8, भरायचा, नाव सासरच्या पत्त्यावर जातं. पण ऐकतंय कोण? परवा एक मुलगी दाखला, आधारची झेरॉक्स, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंबऱ्यातच उभी होती. नमुना 6 वर, म्हणजे नव्या मतदाराच्या अर्जावर, स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, आडनावापर्यंत आली आणि चुलत्यानं कागदच ओढून घेतला. का, तर आडनाव बदलणारच आहे म्हणे!

सासरी गेल्यावर तरी कोण नाव घालतंय? दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर. नाव राहतं ते राहतंच. आता 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, 18 पूर्ण धरायच्या पात्रतेच्या तारखाही वर्षात चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. मग तिला अडवायचं कशापायी?

आणि सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं की हीच माणसं सुनेला उभं करायला मतदार यादीत तिचं नाव शोधत पळतात. सापडलं नाही की आमच्या नावानं बोटं मोडतात.