मच्छरदाण्या सुकटीवर टाकू नका

हर्णै-दापोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘डासांना आता औषध लागत नाही, औषधाच्या मच्छरदाण्या निरुपयोगी आहेत, सुकत घातलेल्या बोंबलांवर टाका.’ यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. बाकीचं चूक, आणि शेवटचं तर धोक्याचं.

या औषधाच्या मच्छरदाण्यांवर पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं आणि त्याला अनेक ठिकाणचे डास सरावलेत, हे खरंच. पण सरावलेला डाससुद्धा जाळीतून आत शिरू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. डास सरावलेल्या गावांतही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना मलेरिया कमी झाला, असं त्यात दिसलं. शिवाय नव्या जाळ्या निघाल्यात. काहींत पीबीओ नावाचं रसायन असतं. औषध पचवण्याची डासाची ताकदच ते मोडतं. काहींत क्लोरफेनापिर हे दुसरं औषध असतं, त्यांची शिफारस संघटनेने 2023 मध्ये केली.

जाळी फाटली असेल तर मात्र आजच शिवा. भोकातून डास येतो, मग औषधाला दोष कशाला?

आणि बोंबलांवर ती जाळी? तेच औषध आपल्या पोरांच्या ताटात जाईल. ती पऱ्ह्यात किंवा खाडीतही धुऊ नका. हे औषध माशांना फार विषारी आहे. साध्या साबणाने बादलीत धुवा, सावलीत वाळवा.