नोकरदाराने मत कुठे ठेवावं

तुम्हाला पगार आहे आणि मतंही आहेत, हे ऐकून काळजी वाटली. दोघांना एकाच घरात नांदवायची हौस असेल, तर नीट ऐका.

सोशल मीडियावरच्या बायोमध्ये 'मतं वैयक्तिक' असं लिहिलं असेलच. राहू द्या. गाडीला लिंबू-मिरची बांधली की चालवणाऱ्याला बरं वाटतं, समोरचा ट्रकवाला काही त्यामुळे ब्रेक मारत नाही. वरच्या ओळीतलं कंपनीचं नाव आणि हुद्दाही काढू नका. तुमच्यावर चिडलेल्या माणसाने टॅग कोणाला करायचं हे शोधत बसायचं का? तेवढी माणुसकी ठेवा.

आता एक गैरसमज. तुमचं मत पटलं नाही म्हणून कंपनी तुम्हाला काढते, असं तुम्हाला वाटतं. कंपनीला मत नसतंच हो. तिला रेटिंग असतं. २०१८ मध्ये कठुआतल्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल कोटक महिंद्रा बँकेच्या कोचीतल्या एका कर्मचाऱ्याने फेसबुकवर कमेंट टाकली. कमेंट किळसवाणी होती, त्याच्यासाठी कुणी डोळे पुसावेत अशी अजिबात नव्हती. लोक बँकेच्या पानावर तुटून पडले, एकेक स्टार देऊ लागले. बँकेने निषेध केला आणि जाहीर केलं की, या माणसाला ११ एप्रिललाच कामावरून काढलंय. कारण? कामगिरी असमाधानकारक. म्हणजे तुम्ही काय वाट्टेल ते लिहा, शेवटी बोलायचं ते टार्गेटबद्दलच! कंपनीत चार वर्षं 'उत्कृष्ट' शेरा घेतलेला माणूस एका रात्रीत कामचुकार कसा निघतो, हे अप्रायझलचं शास्त्र आहे. ते आपल्याला कळायचं नाही.

एवढं मत मांडायचंच असेल तर आधी अध्यक्ष व्हा. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी कर्मचाऱ्यांशी बोलताना आठवड्याला ९० तास कामाची इच्छा व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये तो व्हिडिओ बाहेर फिरला, देशभर टिंगल झाली, कंपनीची शोभा व्हायची तेवढी झाली. एचआरने साहेबांना केबिनमध्ये बोलावलं का? कंपनीने निवेदन काढलं: हे उद्गार राष्ट्रउभारणीच्या व्यापक ध्येयातून आलेले आहेत. बघा, खालच्या मजल्यावर बोललात की बेशिस्त, वरच्या मजल्यावरून बोललात की राष्ट्रउभारणी. तुमचा मजला कुठला, ते लिफ्टमध्ये शिरताना बघून घ्या आणि मगच फोन उघडा.

खासगीत धाकधूक वाटते म्हणून सरकारी नोकरीकडे वळणार असाल, तर जरूर वळा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून घोळच मिटवलाय. राज्य सरकारच्याच नव्हे, देशातल्या कुठल्याही सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. सातारा जिल्हा परिषदेतल्या एखाद्या कारकुनाला मिझोरामचं धोरण खटकलं, तर त्याने ते मनातल्या मनात खटकू द्यावं. बरं, टीका नको तर कौतुक करू, असं म्हणाल. पण योजना यशस्वी झाल्याचं सांगतानाही आत्मस्तुती होणार नाही याची दक्षता घ्यायची आहे. निंदा नाही, आत्मस्तुती नाही. उरतं ते सुप्रभात आणि गुलाबाचं फूल. (गुलाबही केशरी, हिरवा, निळा नको. पांढरा बरा.)

त्रिपुरात मत्स्य विभागातल्या एक बाई एका राजकीय सभेला गेल्या, फेसबुकवर लिहिलं, आणि २०१८ मध्ये निवृत्तीला चार दिवस उरले असताना निलंबित झाल्या. सरकारी कामाला गती नसते म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: सरकारी नोकर झाल्याने भाषणस्वातंत्र्य संपत नाही. तेव्हा निर्धास्त राहा. न्याय मिळतो, फक्त निवृत्तीचं वय उलटेपर्यंत दम धरावा लागतो.

आणि 'मी लिहीत नाही बुवा, नुसतं लाइक करतो' हे समाधान पालघरच्या लोकांना सांगू नका. २०१२ मध्ये तिथे एका मुलीला पोस्टसाठी अटक झाली आणि दुसरीला ती लाइक केल्याबद्दल. त्याच वर्षी मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांनी फेसबुकवरच्या मजकुरापायी १२ दिवस कोठडी पाहिली, वर निलंबन. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑनलाइन मजकुरावरचं कलम ६६-अ होतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि लोकांनी पेढे वाटले. पण तुमचं नेमणूकपत्र कोणत्या न्यायालयाने रद्द केलंय? त्यातल्या बारीक टायपात, सही करताना तुम्ही ज्या पानावर 'वाचून समजलं' असं लिहिलंत, तिथे 'संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा' नावाची ओळ सापडेल. तिला ना फौजदार लागतो, ना पंचनामा.

परदेशी निघून जावं म्हणता? २०२० च्या एप्रिलमध्ये अमिरातीत मुसलमानांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. पगार दुबईचा आणि फॉरवर्ड गावच्या ग्रुपवरचे, अशी त्यांची सोय होती. शेवटी आपल्या राजदूतांना ट्विट करून आठवण द्यावी लागली की भेदभाव आपल्या मूल्यांतही बसत नाही आणि तिथल्या कायद्यातही नाही.

मग अमेरिका. तिथे तर राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत स्वातंत्र्य आहे! आहे, पण ते सरकारला आवरायला. खासगी मालक बहुतेक राज्यांत कारण न देताही घरी पाठवू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या कार्यकर्त्याची हत्या झाल्यावर शिक्षक, परिचारिका, विमान कंपन्यांचे कर्मचारी पोस्टपायी घरी बसू लागले. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी तर सांगूनच टाकलं की हत्येचा आनंद साजरा करणारा दिसला तर त्याच्या मालकाला फोन करा. कालपरवापर्यंत 'बोललं की नोकरी जाते, ही कसली लोकशाही' असा गळा काढणारी हीच मंडळी. टीव्हीवरच्या विनोदवीर जिमी किमेलचा रात्रीचा कार्यक्रम याच प्रकरणावर बोलल्यामुळे बंद झाला आणि आठवड्याच्या आत परत सुरू झाला, हे खरं. पण तुमचा रात्रीचा कार्यक्रम नाही, तुमचा नोकरीवर टिकलेला एच-१बी व्हिसा आहे. नोकरी गेली की फार तर ६० दिवस. तेवढ्यात नवी नोकरी शोधा, नाहीतर मुलांच्या शाळेचे दाखले काढा.

एवढं वाचून तुम्ही गप्प बसायचं ठरवलंत, तर त्यानेही भागत नाही. लोक आता गप्प कोण बसलंय तेही बघतात. त्यापेक्षा दुसऱ्यांच्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढायला लागा. हा निरोगी छंद आहे. जुन्या सहकाऱ्याची सात वर्षांपूर्वीची ओळ शोधायची, त्याच्या कंपनीला टॅग करायचं, 'अशा लोकांना तुम्ही पगार देता?' असं विचारायचं आणि जेवायला बसायचं. त्याच्या ईएमआयचं काय झालं, हे बघायला पुन्हा त्या पानावर जावं लागत नाही. तुमच्याही सात वर्षांपूर्वीच्या ओळी कुठेतरी असतीलच, पण तुमचे मित्र चांगले आहेत ना?

तरीही शुक्रवारी संध्याकाळी पाचला 'दोन मिनिटं वेळ आहे का' असा एचआरचा मेसेज आला, तर वाद घालू नका. लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र टेबलावर ठेवा. 'माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला' हे वाक्य आधीच टाइप करून ठेवलेलं असावं, ऐन वेळी हात थरथरतो. मग तुम्हाला एक फॉर्म देतील. त्यात शेवटचा रकाना असतो: 'संस्थेबद्दल आपलं मत मोकळेपणाने मांडा.' तिथे 'सर्व काही उत्तम' असं लिहा. रिलीव्हिंग लेटर अजून हातात पडायचं असतं.