गाय, चार कुत्री आणि बैलाचा खांदा

नमस्कार दादा,

चित्रांतली जनावरं आणि माणसाशी त्यांचं आत्मिक नातं यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की दत्ताच्या तसबिरीतली गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्री म्हणजे चार वेद. जनावर तिथं नावापुरतंच, मग माणसाचं आणि त्याचं आत्मिक नातं मी कुठून काढलं? शिवाय, वर्षभर चाबूक ओढायचा आणि बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, शिंगं रंगवायची, हेच का ते नातं?

पहिला मुद्दा अर्धा मान्य. दत्ताची तसबीर आणि तोडी रागिणीला स्त्रीरूपात दाखवणारं जुनं चित्र मी लेखात एकाच दावणीला बांधलं, ते चुकलं. तोडीत वीणा घेतलेली एकटी स्त्री असते आणि सुरांच्या ओढीनं हरणं तिच्याजवळ आलेली असतात. हरीण तिथं विरहाची खूण आहेच, पण चित्रकाराला हरणाची मान, त्याचं थबकणं जमलं नाही तर ती खूण मनाला भिडत नाही. दत्ताच्या तसबिरीत अर्थ आधीच ठरलेला. कुत्री कशीही काढली तरी वेद चारच.

तरीही काल आमच्या देवघरातली तसबीर उतरवून पुसली. आजीनं नरसोबाच्या वाडीहून आणलेली. त्यातलं एक कुत्रं मान वर करून दत्ताच्या तोंडाकडं बघतंय, पुढचा एक पाय किंचित उचललेला. भाकरी घेऊन कुणी दारात आलं की आमच्या गल्लीतलं कुत्रं अगदी असंच बघतं. ज्यानं हे काढलं त्यानं कधीतरी कुत्र्याला घास घातला असणार, असं मला मनापासून वाटतं.

जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कच्या निळ्या घोड्यावरही तुमचा आक्षेप आहे. १९११ चं ते चित्र. निळा रंग त्याच्या लेखी पुरुषतत्त्वाचा आणि अध्यात्माचा होता, म्हणजे प्रतीक उघड आहे. पण हाच माणूस म्युनिकमध्ये प्राण्यांची शरीररचना शिकवायचा. घोड्याची ती झुकलेली मान त्या अभ्यासातून आली आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातला हत्तीही बघा: पकडून आणल्यावर चारा नाकारतो, राजानं सोडल्यावर आंधळ्या आईकडं परततो. तो बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध, आहे हे ठाऊक नसलेल्यालाही ते दुःख कळतं.

आता बेंदूर. इथं तुमचं बोलणं मला लागलं, कारण तुमच्या घरी दोन पिढ्या बैलजोडी होती असं तुम्ही लिहिलंय. चाबूक खोटा नाही. पण खांदेमळणी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असेल. आमच्या आजोळी आजोबा बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचे. जू घासून पडलेल्या घट्ट्यावर त्यांचा अंगठा हळूहळू फिरायचा आणि बैल डोळे अर्धे मिटून उभा राहायचा. दुखवलं कुणी आणि चोळतंय कोण, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. मी ज्याला आत्मिक नातं म्हणतो त्यात ही अपराधाची जाणीव धरलेली आहे. लेखात ती लिहायची राहिली, हा दोष माझा.

आणि चित्रांतही ती राहूनच जाते. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत बेंदराआधी मांडलेल्या मातीच्या जोड्या बघा, खांदे गुळगुळीत. बेंदराच्या चित्रांत शिंगं, झूल, गोंडे सगळं असतं. घट्टा काढलेलं एकही मला आठवत नाही. तुमच्याकडं घरच्या जोडीचा जुना फोटो असेल तर जरूर पाठवा. त्यात खांदा दिसत असेल तर मला बघायचाय.