आर्क्टिक समुद्रातले पारनेर

आरोग्याच्या नकाशांविषयीचे कोणतेही प्रशिक्षण लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांच्यापासून सुरू होते. 1854 मध्ये सोहो भागात पटकीची साथ आली, स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यूंच्या जागा टिपल्या, त्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या, पंपाचा दांडा काढला गेला आणि साथ हटली, अशी ती कथा आहे. दांडा 8 सप्टेंबरला निघाला, नकाशा लोकांसमोर त्यानंतर आला आणि साथ दांडा निघण्यापूर्वीच ओसरू लागली होती, हा तपशील प्रशिक्षक सहसा गाळतात. कारण मग नकाशा नसता तर काय बिघडले असते, असे समोरचा कोणी तरी विचारण्याचा धोका असतो. मला स्नो यांचा हेवा वाटतो तो निराळ्याच कारणासाठी. त्यांना एक्सेलमधली यादी कोणी पाठवली नव्हती.

मी एका स्वयंसेवी संस्थेत काम करतो. मला संगणक बऱ्यापैकी येतो, एवढ्या भांडवलावर अहिल्यानगर जिल्ह्याचा तालुकानिहाय डेंग्यूचा नकाशा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. "चौदा तर तालुके आहेत, नुसते रंगच भरायचेत," असे आमचे सर म्हणाले. त्यासाठीचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि त्यातली सोपी गोष्ट तेवढीच.

तालुक्यांच्या सीमा ज्या शेपफाइलमध्ये मिळतात, ती एक फाइल नसून फाइलींचे एकत्र कुटुंब असते. एकीत आकार, दुसरीत त्यांची अनुक्रमणी, तिसरीत तक्ता, चौथीत प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवली त्याची, माहिती. यांतली एक जरी मागे राहिली तरी बाकीच्या रुसतात. एका स्नेह्याने व्हॉट्सॲपवर मला त्यातली एकच पाठवली आणि उरलेल्या फालतू दिसल्या म्हणून वगळल्याचे प्रेमाने कळवले. पुढे सगळे कुटुंब गोळा झाले, तेव्हा कळले की तक्त्यातल्या रकान्याच्या नावाला इंग्रजी दहा अक्षरांची मर्यादा आहे. 'डेंग्यू पॉझिटिव्ह 2023' आणि 'डेंग्यू पॉझिटिव्ह 2024' हे दोन रकाने जतन करताच दोघांचीही साले कापली गेली. आता कोणता डेंग्यू यंदाचा आणि कोणता गेल्या वर्षीचा, हे ओळखण्यासाठी पुन्हा मूळ यादीला शरण जाणे आले.

यानंतर रुग्णांची यादी आणि तालुक्यांच्या सीमा यांचे लग्न नावावरून लावावे लागते. सीमा 2011 च्या जनगणनेच्या असल्याने तिथे जिल्हा अजून अहमदनगरच होता आणि अकोले तालुका चक्क 'अकोला' होता. यादीत नेवासा कधी व्ही घालून येई तर कधी डब्ल्यू घालून, राहात्यातला मधला ए आपल्या मर्जीने ये-जा करी आणि शेवगावपुढे डोळ्यांना न दिसणारी एक मोकळी जागा बसलेली होती. माणूस असल्या गोष्टींकडे बघतही नाही. सॉफ्टवेअरला मात्र ते शेवगाव परके वाटते आणि ते अवाक्षर न काढता सबंध तालुका पांढरा सोडून देते. राज्याची फाइल वापरून पाहिली, तर कर्जतचे रुग्ण आमच्या कर्जतला मिळालेच, शिवाय रायगडातल्या कर्जतलाही तेवढेच मिळाले. अकोल्याचे म्हणून लिहिलेले तापकरी थेट विदर्भात पोहोचले. डेंग्यूचा डास सहसा काहीशे मीटरांपलीकडे जात नाही. त्याला एवढा प्रवास फक्त सॉफ्टवेअर घडवू शकते.

प्रवासाची खरी कमाल रुग्णालयांच्या यादीने केली. तिच्यात अक्षांश आणि रेखांश यांचे रकाने उलटे भरलेले होते. पारनेर साधारण 19 अंश उत्तर आणि 74.4 अंश पूर्व येथे आहे. हे आकडे उलटले की आपण नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात जाऊन पडतो. तेवढ्या अथांग पाण्यात पारनेरने कुठेही बुडी मारली असती तरी कोणाची हरकत नव्हती, पण ते नेमके बेअर आयलंड नावाच्या एका चिमुकल्या बेटावर उतरले, जिथे हवामान केंद्रातली मूठभर माणसे सोडली तर वस्ती नाही. ज्यांच्या रकान्यांत शून्य भरले होते, ती रुग्णालये आफ्रिकेलगतच्या गिनीच्या आखातात तरंगत होती. पिढ्यान्‌पिढ्या टंचाई सोसलेल्या पारनेरला चहूबाजूंनी पाणी मिळालेले पाहून, ही दुरुस्ती करूच नये असे मला क्षणभर वाटले.

शेवटी रंग. नुसती रुग्णसंख्या रंगवली तर जिथे माणसे जास्त तिथे रोग जास्त दिसतो, म्हणून दर लाख लोकसंख्येमागचे प्रमाण काढले, अर्थात त्याच 2011 च्या लोकसंख्येवर. समान अंतराने गट पाडले, तेव्हा एक तालुका लाल आणि बाकी बहुतेक जिल्हा हिरवागार झाला. "अहो, एवढं हिरवं काय कामाचं? निधीच्या अर्जाला लावायचाय हा," सर म्हणाले. मग प्रत्येक गटात सारखेच तालुके बसवणारा पर्याय निवडला. त्यात वरच्या गटाची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, त्यामुळे आणखी दोन तालुके जागच्या जागी लाल झाले. एकही नवा डास कोणाला चावला नव्हता. "आता कसं!" सर म्हणाले.

वास्तविक लाल रंग बऱ्याचदा रोगापेक्षा तपासणीचा असतो. जिथे डेंग्यू ओळखणाऱ्या एलायझा या रक्तचाचणीची सोय जवळ आहे आणि तंत्रज्ञ मन लावून नमुने पाठवतो, तो तालुका नकाशावर बदनाम होतो. जिथे माणूस तापाची गोळी घेऊन शेतावर जातो, तो ठणठणीत दिसतो. तशी टीप मी तळाशी बारीक टाइपात घातली होती. छपाईत कागदाची कड कापताना तीही कापली गेली.

नकाशा सर्वांना फार आवडला. ज्यांनी माझा तक्ता कधी उघडून पाहिला नव्हता, तेही लाल तालुक्यांकडे बोट दाखवून गंभीरपणे माना डोलावत होते. "आता हाच गावनिहाय करून टाका," असे सरांनी बैठकीतच जाहीर केले. जिल्ह्यात दीड हजारांहून अधिक गावे आहेत. त्यांत पिंपळगाव माळवी, पिंपळगाव पिसा, पिंपळगाव रोठा आणि पिंपळगाव कोंझिरा ही तर मला न बघता सांगता येतात. नवी यादी संध्याकाळीच येऊन पडली. पहिल्या रुग्णाचा पत्ता असा होता: 'पिंपळगाव, शाळेजवळ.'