पाटी वस्तऱ्याची आणि दाढी ब्लेडची: तुमच्या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार.

दोन तारे देताना तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. पाटीवर ‘पारंपरिक वस्तऱ्याची दाढी’ असून ब्लेड घातलेलं हत्यार वापरलं, सांगूनही उलटा हात, म्हणजे केसाच्या दिशेविरुद्ध वस्तरा, मारला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ उठलं. त्या दिवशी खुर्चीमागे मी नव्हतो, म्हणून कारागिराशी बोलून मग लिहितोय.

पाटीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ती लावली तेव्हा दुकानात अखंड पोलादी पात्याचे वस्तरे होते, चामड्याच्या पट्ट्यावर परजून वापरायचे. पुढे ते बंद केले, पाटी तशीच राहिली. आता आमच्याकडे आहे तो मिटणारा वस्तराच, पण त्यात अर्धं ब्लेड अडकवायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. आम्हा लोकांना तो वस्तराच वाटतो, कारण हात तोच, कोनही तोच. पण तुम्ही जुन्या पात्यासाठी मुद्दाम शोधत आलात. फोनवर ‘हो, वस्तऱ्यानेच करतो’ असं सांगणारा मीच होतो. एक वाक्य जास्त बोललो असतो तर तुमची खेप वाचली असती.

जुने वस्तरे का ठेवून दिले, तेही सांगतो. हात कितीही हलका असला तरी दाढीत डोळ्याला न दिसणारे काप जातातच. रक्तातून पसरणाऱ्या हेपटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो. वस्तरा गरम पाण्यात बुडवला, फडक्याने पुसला, एवढ्याने तो विषाणू जात नाही. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, पातं निर्जंतुक करता येतं, पण त्या वाफेने जुन्या पोलादाला गंज चढतो आणि मुठी खराब होतात. तेही सोसलं असतं. मला खटकायचा तो पट्टा. पातं कितीही शुद्ध करा, दाढीआधी ते पुन्हा त्याच चामड्यावर फिरणार, ज्यावर आधीच्या दहा जणांची पाती फिरली आहेत. चामडं काही उकळता येत नाही.

जुन्या पात्याची मजा वेगळी होती, हे मी नाकारत नाही. ते जड असतं, स्वतःच्या वजनाने चालतं, आणि चांगलं परजलं असेल तर गालावर मऊ लागतं. ब्लेड जास्त धारदार, पण हलकं आणि चिडकं. जरा कोन चुकला की लगेच चावतं.

उलट्या हाताबद्दल मात्र मी कारागिराच्या बाजूने आहे. केसाच्या दिशेविरुद्ध वस्तरा गेला की केस ओढला जाऊन कातडीच्या पातळीखाली कापला जातो. हाताला गाल काचेसारखा लागतो खरा, पण तोच केस वाढताना, विशेषतः कुरळा असेल तर, आत वळतो आणि फोड येतो. कातडी ओळखीची नसताना पहिल्या भेटीत आम्ही ते करत नाही. कारण न सांगता नुसतं ‘होत नाही’ म्हणणं हे उद्धटपणाचं झालं, त्याबद्दल त्याला बोललो आहे.

आणि आता पुरळाचं. फोटो पाहिला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पुरळ फक्त गळ्याच्या खालच्या भागात आहे. बऱ्याच जणांचे तिथले केस खाली न वाढता वर किंवा आडवे वाढतात. कारागिराने सवयीने वरून खाली वस्तरा ओढला, म्हणजे ज्याला तो नाही म्हणाला तेच त्याने तुमच्या गळ्यावर नकळत केलं! साबण लावण्याआधी कोरड्या मानेवरून बोट फिरवलं असतं तर केसाची दिशा कळली असती. घाईत ते राहिलं. चूक आमची, सबब नाही. पुरळ बसेपर्यंत मानेला वस्तरा लावू नका, दिवसातून दोनदा थंड पाण्याची घडी ठेवा, तुरटी किंवा सुगंधी लोशन नको. फोडात पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

तुम्हाला अखंड पात्याचीच दाढी हवी असेल तर दुसरीकडे फोन करताना ‘वस्तरा आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, मीही म्हणालो. वस्तऱ्यात ब्लेड बदलतं का, ते विचारा. नाही म्हणाले तर पातं कशाने निर्जंतुक करता आणि परजायचा पट्टा कोणाकोणाला वापरता, हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे बसू नका. नाहीतर स्वतःचा वस्तरा आणि पट्टा घेऊन आमच्याकडे या. त्या वस्तऱ्याने फक्त तुमची दाढी होणार असेल तर मी स्वतः करून देईन. मात्र आदल्या दिवशी आणून द्या, नव्या वस्तऱ्याची दुकानातून आलेली धार बहुतेक वेळा दाढीच्या लायकीची नसते, दगडावर घ्यावी लागते.

तुमचे त्या दिवसाचे पैसे गल्ल्याशेजारी पाकिटात काढून ठेवले आहेत. पाटी काल उतरवली. नवीन रंगवायला दिली आहे, तिच्यावर ‘वस्तऱ्याची दाढी, दर वेळी नवीन ब्लेड’ एवढंच असेल.