आमच्या आजीला हसू नका

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. १९७९ साली अमेरिकेचं स्कायलॅब यान आकाशातून पडणार म्हणून घाबरून कोंबड्या कापून खाणारी अडाणी माणसं, वगैरे. खाली हसणारे चेहरे, त्यात आमच्याच घरातली पोरं. माझा चहा तसाच निवला.

११ जुलै १९७९, बुधवार. मी तिसरीत होतो. कोकणात पाऊस कोसळत होता, लावणी चालू होती. आजीने तिची तांबडी कोंबडी कापली. अंडी घालणारी कोंबडी! त्या अंड्यांवर आमच्या वह्या यायच्या. पडवीच्या कडेला बसून ती पिसं काढत होती आणि पागोळ्यांच्या पाण्यातून पिसं अंगणभर वाहत चालली होती. आई काहीतरी बोलली, तर आजी म्हणाली, "उद्या काय होतला कोणाक म्हायत. पोरां आज पोटभर जेवांदेत."

हा अडाणीपणा? सुमारे ७७ टनांचं यान खाली येत होतं आणि ते कुठे पडणार हे खुद्द नासाला सांगता येत नव्हतं. त्याची फेरी ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण, म्हणजे आख्खा भारत त्याच्या वाटेवर. कुणाला तरी तुकडा लागण्याची शक्यता १५२ त एक, हा हिशेब नासाचाच. दीडच वर्ष आधी रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळून किरणोत्सर्गी तुकडे पसरले होते. मग भ्यायचं नाही तर काय करायचं?

बरं, काहींनी अतिच केलं, मान्य. पण आजीने फक्त एक कोंबडी कापली. आणि त्याच्या चार दिवस आधी मास्तरांकडून एक कार्ड लिहून घेतलं होतं, मुंबईला गिरणीत असलेल्या बाबांना. 'जमलं तर ये.' बाबांना रजा मिळाली नाही.

संताप येतो तो याचा की हसणाऱ्यांना स्कायलॅब म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. अमेरिकेचं पहिलं अंतराळ स्थानक ते. १४ मे १९७३ ला उडालं आणि उडतानाच त्याचं ऊन अडवणारं संरक्षक कवच उखडलं. उन्हापासून वीज करणाऱ्या सौर पंखांपैकी एक गेला, दुसरा अडकला. आत भट्टी झाली. अकरा दिवसांनी कॉनराड, करविन आणि वाइट्झ हे अंतराळवीर गेले. एका छोट्या झरोक्यातून त्यांनी बाहेर छत्री उघडली, सावली धरली, तेव्हा कुठे घर राहण्याजोगं झालं. जूनमध्ये कॉनराड आणि करविन बाहेर लोंबकळत अडकलेला पंख सोडवायला गेले. तो झटक्यात सुटला आणि दोघे भिरकावले गेले. दोरीने बांधलेले होते म्हणून वाचले. त्यांची धरून अंतराळवीरांच्या एकूण तीन तुकड्या तिथे राहिल्या: २८, ५९ आणि ८४ दिवस. सूर्याचा अभ्यास केला, माणसाचं शरीर तिथे कसं टिकतं ते पाहिलं.

मोडलेलं घर इतक्या मायेने सावरलं आणि १९७४ नंतर रिकामं टाकून दिलं. नासाचं नवं यान, स्पेस शटल, येऊन त्याला वर ढकलेल अशी आशा होती. शटल उडालं १९८१ ला. तोवर सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळला, वरचं वातावरण फुगलं आणि स्कायलॅब हळूहळू खाली ओढलं गेलं. इतिहास सांगायचा तर हा सांगा ना!

त्या रात्री आजीने आम्हा तिघांना एकाच गोधडीत घेतलं. कंदील विझवला नाही. आपल्याकडे दहा वाजून गेल्यावर ते तिकडे हिंदी महासागरावर फुटलं. काही तास आधी त्याला गरगरा फिरवून वस्तीपासून दूर पाडायची धडपड झाली होती, तरी तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचलेच.

सकाळी मास्तरांनी रेडिओवर ऐकून ओरडून सांगितलं, "ऑस्ट्रेलियात पडली!" सगळे हुश्श झाले. आजी कंदिलाची काच पुसत होती. तिने विचारलं, "थंय कोणाक लागूक नाय मां?"

नाही म्हणाले मास्तर. मग ती डोक्यावर इरलं घेऊन लावणीला गेली.